हर्बेशिया की रेटिक्युलाटा? दगडांच्या बागेसाठी बुटकी वाळुंज निवडताना

ओढ्याकाठचं आपलं वाळुंजाचं झाड पाहिलेल्या माणसाला आल्प्समधली त्याची भावंडं ओळखूच येणार नाहीत. घोट्यापर्यंतही न पोचणारी झुडपं, पण कूळ तेच: सॅलिक्स. हर्बेशिया, रेटिक्युलाटा, रेटुसा या त्यातल्याच बुटक्या जाती. ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंडात राहणाऱ्या कुणाला दगडांच्या बागेत किंवा पसरट कुंडीत यातलं एखादं लावायचं असेल, तर मी रेटिक्युलाटा घ्या म्हणेन.

हर्बेशियाचा मोह पडतो हे खरं. उंची जेमतेम 5-6 सेंटिमीटर. झाडांमध्ये सर्वांत लहान, असं वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला म्हटलं होतं. खोड जमिनीखाली पसरलेलं. वर डोकावतात फक्त फांद्यांची टोकं आणि दोन-चार गोल, चकचकीत पानं. डोंगरात ती बर्फ उशिरा वितळतो अशा खोलगट जागी राहते. वाढीला दोन-तीन महिनेच मिळतात, पण बर्फाच्या पांघरुणाखाली हिवाळ्यातलं बोचरं वारं लागत नाही आणि वितळतं पाणी माती ओली ठेवतं. सखल भागातल्या कुंडीत नेमकं हेच देता येत नाही. बर्फ टिकत नाही, उन्हाळ्यात मुळं तापतात. तिला मातीही आम्लधर्मी लागते. ती डोंगरात जाऊनच पाहावी.

रेटिक्युलाटा चुनखडीवरची. पानं गडद हिरवी, सुरकुतलेली, वर शिरांचं जाळं आणि खालून पांढुरकी. फुलं नसतानाही बघत राहावं अशी. लालसर तुरे पानं आल्यावर उभे राहतात. मातीत चुनखडीची खडी मिसळा, निचरा चांगला ठेवा. मात्र कुंडी कोरडी पडू देऊ नका आणि दुपारचं ऊन टाळा. शेजारी ड्रायस हे डोंगरातलं बुटकं फुलझाड लावलंत तर जोडी जुनीच आहे: हिमयुगातल्या गाळात दोघांची पानं सापडतात.

जागा मोठी असेल तर रेटुसाही चालेल, ती दगडांवरून छान पसरते. घेताना रोप नर आहे की मादी ते विचारा, कारण वाळुंजात दोन्ही झाडं वेगळी असतात. आणि रोप रोपवाटिकेतूनच घ्या. स्कॉटलंडमध्ये रेटिक्युलाटा दुर्मीळ आहे, डोंगरातून उपटणं म्हणजे तिचा घातच.

पुण्या-नाशकात, अगदी महाबळेश्वरलाही, यातलं काही लावू नका; हिवाळ्यातली लांब, कडक थंडी तिथे मिळत नाही. हिमालयात जाणार असाल तर वृक्षरेषेच्या वर जमिनीला चिकटलेली लिंडलेयाना ही तिथली बुटकी वाळुंज शोधा. त्यासाठी मात्र गुडघे टेकून वाकावं लागेल.