बाबांचा कॉम्प्युटर ठाण्यात, मी बंगळुरूत: लिनक्स मिंट वापरल्यानंतरचा अनुभव

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा नौपाड्याच्या घरातला बाबांचा डेस्कटॉप ठणठणीत चालत होता. पण आत सातव्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत न बसणारा. धडधाकट मशीन भंगारात द्यायला जीव होईना. दिवाळीला घरी गेले तेव्हा एसएसडी (जलद डिस्क) बसवली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22.2 ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तेव्हापासून सगळी देखभाल बंगळुरूहून करतेय. आता पावसाळा लागलाय. आई-वडिलांचं काम ब्राउझर, पत्रं आणि प्रिंट एवढंच असेल तर बिनधास्त हा बदल करा, असं मी आज खात्रीने सांगेन.

मला खरी धास्ती होती मराठी टायपिंगची. बाबा ज्येष्ठ नागरिक संघाची पत्रं लिहितात आणि त्यांची बोटं वर्षानुवर्षं इनस्क्रिप्टला, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीला, सरावलेली. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लेआउट आहेच, नुसता जोडायचा. बाबांनी पहिल्याच पत्रात ‘पायऱ्या’ लिहिलं: शिफ्टसकट जे, मग डी, मग स्लॅश. ऱ्य जसा हवा तसाच उमटला. त्यानंतर ‘हे नवीन काय घातलंस?’ हा प्रश्न आला नाही.

आता बंगळुरूहून त्या मशीनला जोडण्याचं. घरगुती ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, नसतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राउटरमधून आत वाट काढून देण्याच्या) नादाला लागू नका. दोन मशीनना खाजगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल टाका. आतून ते वायरगार्ड हे व्हीपीएनचं तंत्रच आहे. दोन्ही मशीनना 100 ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. एसएसएच (दुरून कमांड चालवण्याची सोय) फक्त की, म्हणजे माझ्या मशीनवरची किल्लीची फाइल, वापरून, पासवर्ड बंद, आणि फायरवॉलमध्ये तेवढीच एक वाट उघडी. अपडेट आपोआप होतात. बाबांचं खातं साधं आहे, अ‍ॅडमिनचं नाही. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट (मागे जाता यावं म्हणून ठेवलेल्या प्रती) घेतं, पण स्वतःच्या फाइल्सचा होम फोल्डर मुळात वगळतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून पत्रांची प्रत आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळी माझ्याकडे येते.

स्क्रीन बघायला रस्टडेस्क आहे. त्यात कायमचा पासवर्ड मी मुद्दाम ठेवलेला नाही. बाबा आधी फोन करतात, मग मी जोडते, मग ते स्वतः मान्य करतात, त्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. एसएसएचने मी केव्हाही आत येऊ शकते, हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. घर त्यांचं, कॉम्प्युटर त्यांचा. त्यांना न विचारता डोकावणं मला पटत नाही. दुसरं कारण फसवणुकीचं. मध्यंतरी कुणीतरी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, स्क्रीन शेअर करा’ म्हणून फोन केला. बाबांनी ‘ते माझी मुलगी बघते’ म्हणून ठेवून दिला आणि लगेच मला कळवलं. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे.

दुरून न होणारी गोष्ट एकच: नेटच गेलं तर. परवाच्या पावसात तेच झालं.

“अगं, डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय.”

“बाबा, दिव्याखाली एलओएस लिहिलंय का बघा.”

लिहिलेलं होतं, म्हणजे फायबरचा सिग्नलच तुटलेला. कॉम्प्युटर निर्दोष. तक्रार मी इथून नोंदवली, पण लाइन यायला दोन दिवस गेले.

एचपीचा प्रिंटर काही न करता चालला. हयातीचा दाखला मात्र नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनच काढला. त्यासाठी लिनक्सशी झटापट करू नका. डिजिटल सिग्नेचरचा टोकन किंवा टॅली रोज लागत असेल तर विंडोजच ठेवा.

मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे घाई नाही. पुढच्या मोठ्या आवृत्तीवर नेईन ते ठाण्यात, बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून; ते काम दुरून करायचं नाही.