साखर ओळखायची कशी: चाखून की ओढून?

लातूरच्या शिकवणीत पोरं हमखास अडखळतात ती इथं. ई. कोलाय जिवाणूला साखर कळायच्या दोन वाटा. पहिली गुऱ्हाळावर बोटानं काकवी चाखण्यासारखी: गॅलॅक्टोज ही साखर आवरणातल्या बंधक प्रथिनाला चिकटते, ते प्रथिन ट्रग नावाच्या ग्राहीला (खबर टिपणाऱ्या प्रथिनाला) टेकतं, आतलं ची-ए हे खबर पुढं नेणारं प्रथिन थंडावतं, दिशा बदलणाऱ्या गटांगळ्या कमी होतात आणि स्वारी सरळ पोहत राहते. पचवायची गरजच नाही! गॅलॅक्टोज पचवू न शकणारे उत्परिवर्तीही (जनुकात बदल झालेले जिवाणूही) तिकडं धावतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं.

दुसरीत मॅनोज ही साखर आत ओढतानाच तिला फॉस्फेट जोडला जातो आणि त्या देवघेवीतूनच खबर लागते.

मला पहिलीच जास्त चलाख वाटते. ग्राहीला मिथाइल गट (अणूंचा एक छोटा गट) जोडून मघाची चव लक्षात ठेवता येते.