३५ ग्रॅम भस्म, ३४,७०० रुपये

नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून मोठ्यांचे डायपर घेऊन बाहेर पडलो. वय ४३, रात्री अंथरूण ओलं होतं, हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मागोमाग पन्नाशीतले एक गृहस्थ आले. "दादा, घरात कुणाला आहे का हा त्रास? माझ्या मेव्हण्याचा एका वैद्यांनी महिन्यात घालवला." पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी अडाणी नाही हो, हिशेबनीस आहे. पण पहाटे चारला गुपचूप चादर धुणाऱ्या माणसाशी कुणी आपुलकीने बोललं की त्याची अक्कल गहाण पडते.

वैद्याने नाडी धरली. लघवीची तपासणी नाही, साखरेचा प्रश्न नाही. चिठ्ठीवर दोन भस्मं: २० ग्रॅम, १५ ग्रॅम. भाव कुठेच नाही. तिथेच उठायला हवं होतं! औषधाच्या दुकानातल्या पोराने काट्यावर मोजलं, खलात टाकलं, घोटलं आणि मग सांगितलं, ग्रॅमला ११५० आणि ७८०. म्हणजे २३,००० अधिक ११,७००. "आता मिसळलंय, परत होत नाही." कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारून घेणारा मी, बत्ता फिरताना बघत राहिलो. ४,७०० रोख, ३०,००० यूपीआय. परतताना ते मेव्हणेवाले दुकानातल्या पोराबरोबर टपरीवर चहा पीत होते.

ऑनलाइन पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. चौकीत हवालदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कशाचं औषध?" पुटपुटलो, तर "मोठ्याने बोला." मग म्हणे, पैसे तुम्हीच दिलेत, फसवणूक कसली? शिवाय दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत साहेब बंदोबस्ताला. औषधांच्या कार्यालयात म्हणाले, पक्कं बिल आणा. अहो, चोर पावती देतो का?

डबीवर परवाना क्रमांक, बॅच, मुदत काहीच नव्हतं. आयुर्वेदिक औषधावरही ते लागतं, बघूनच घ्या.

शेवटी यूरॉलॉजिस्टकडे गेलो. लघवी, साखर, सोनोग्राफी, आणि तीन दिवस किती प्यायलो, किती झाली याची वही. मग त्यांनी विचारलं, घोरता का? झोपेत श्वास अडकला की शरीर जास्त लघवी तयार करतं म्हणे. आता श्वास अडकू नये म्हणून हवा देणारा मास्क लावून झोपतो, चादर बहुतेक कोरडी असते. रात्रीची लघवी कमी करणाऱ्या डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर परस्पर घेऊ नका, रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

डबी पुरावा म्हणून कपाटात ठेवलीय. ती घ्यायला कुठलंच कार्यालय तयार नाही.