चेन की यांग? ताई चीचा वर्ग निवडताना
ताई ची ही चिनी युद्धकला. तिचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येते ती संथ, एकाच लयीतली हालचाल. ती मुख्यतः यांग शैलीची. चेन शैली पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. सावकाश चाललेला हात अचानक झटक्यात सुटतो, पाय जमिनीवर आपटतो आणि पुन्हा सगळं शांत.

चेन जुनी. हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावात सतराव्या शतकापासून चेन घराण्यात चालत आलेली. यांग लुचान (१७९९-१८७२) ती याच घराण्यातल्या चेन चांगशिंगकडे शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी मोठ्या, मोकळ्या हालचालींचं रूप रूढ केलं. चीनमध्ये १९५६ साली तयार झालेला २४ हालचालींचा सोपा क्रमही यांगवरच बेतलेला आहे.

गुडघे कुरकुरत असतील तर माझं मत सरळ यांगला. चेनमध्ये बैठक खोल, कमरेतून निघालेला पीळ मनगटापर्यंत न्यायचा. मांड्या भरून येतात. पण ताकद नेमकी कुठून निघते, हे चेनमध्ये लवकर कळतं.

तरी शैलीपेक्षा शिक्षक महत्त्वाचा. आधी एक वर्ग नुसता बसून बघा. वजन पेललेला गुडघा आत झुकला, तर शिक्षक थांबवून दुरुस्त करतात का? जोडीने हाताला हात लावून करायचा ‘तुईशौ’ सराव होतो का? ही हालचाल कशासाठी, असं विचारल्यावर नीट उत्तर मिळतं का? स्पर्श न करता माणूस उडवून दाखवणाऱ्या गुरूकडे मी तरी कुणाला पाठवणार नाही.