डेनॉन डीएल-१०३: आधी आर्मचं वजन बघा, मग कार्ट्रिज घ्या

डेनॉनची डीएल-१०३ ही कार्ट्रिज (टर्नटेबलच्या आर्मच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाला बसणारा सुईचा भाग) घेऊन आठ महिने झाले, रोज संध्याकाळी एखादी तरी एलपी लागतेच, म्हणून आता लिहितोय. आवाज अप्रतिम आहे, पण ही कार्ट्रिज वाट्टेल त्या टर्नटेबलला लावायची नाही. मला विकताना मात्र 'कुठेही बसते, दोन स्क्रू तर आहेत' असंच सांगितलं होतं.

पहिले दोन महिने ती माझ्या जुन्या टेबलवर होती, त्याचा आर्म कार्बनचा, इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं आर्मचं वजन) फक्त ६ ग्रॅम. डग्गा पोकळ वाटायचा, जोरकस तान आली की आवाज चरचरायचा, मी पिन साफ केली, अलाइनमेंट (कार्ट्रिजचा कोन) पुन्हा केली, ट्रॅकिंगचं वजन (सुईचा रेकॉर्डवरचा भार) बरोबर अडीच ग्रॅम आहे ना ते दहा वेळा तपासलं, काही फरक नाही. कार्ट्रिजचा दोष नव्हताच. ही जपानच्या एनएचके रेडिओसाठी १९६० च्या दशकात बनली, तेव्हा आर्म जड असायचे, त्यामुळे हिची सुई धरणारी दांडी चांगलीच कडक आहे. खरं तर सुईने हलायचं आणि आर्मने स्थिर राहायचं, पण अशा कडक दांडीला हलका आर्म मिळाला की सुईबरोबर आर्मच थरथरायला लागतो.

हिशोब सोपा आहे, घरी करून बघा. आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं वजन ग्रॅममध्ये मिळवा, कंप्लायन्सने (सुईची दांडी किती लवचिक आहे त्या आकड्याने) गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा, जो आकडा येईल तो रेझोनन्स (आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या वेगाने आपोआप थरथरतात तो), ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवा. खाली गेला तर वाकड्या रेकॉर्डने आणि चालण्याच्या धक्क्याने वूफर हलतात, वर गेला तर खर्ज बिघडतो. एक गोम आहे, डेनॉन कंप्लायन्स ५ लिहिते तो १०० हर्ट्झला मोजलेला, आपल्याला १० हर्ट्झचा लागतो, तो साधारण ९ धरतात. माझ्या हलक्या आर्मवर १३.५ येत होता!

मग टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर लावली, १२ ग्रॅमचा आर्म, आकडा ११.४. तेवढ्यानेच डग्ग्याची घुमक परत आली. पुढे मूळचा साडेसात ग्रॅमचा हेडशेल (कार्ट्रिज जिथे स्क्रूने बसते तो आर्मच्या टोकाचा भाग) काढून ११ ग्रॅमचा लावला (आर्मच्या मागे जादा वजन लावावं लागतं, ते विसरू नका), १०.६ झाला, आणि किशोरीताईंच्या एलपीत तंबोऱ्याची जवारी अशी भरून आली की मी तीच बाजू लागोपाठ दोनदा ऐकली.

जुन्या टेबलवर आता ऑर्टोफॉन २एम रेड ही दुसरी कार्ट्रिज आहे, कंप्लायन्स २०, तिथे ९.४ येतो आणि ती मस्त वाजते.

घ्यायच्या आधी एवढं लक्षात ठेवा, आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट आहे, असा क्षीण सिग्नल वाढवणारा, मूव्हिंग कॉइल (या जातीच्या कार्ट्रिज) चालणारा फोनो स्टेज किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतोच. पिन घरी बदलता येत नाही. टोक गोल आहे, त्यामुळे लेबलजवळच्या शेवटच्या चिजेत 'स' थोडा फाटतो, हेडशेल बदलूनही ते गेलं नाही.