स्क्रायबसवर आठ महिने: पानाचा आकडा इंग्रजी झाला तिथून पुढे

पहिली तीन प्रकरणं तपासायला कागदावर काढली, तेव्हा अनुक्रमणिकेत लिहिलं होतं ‘पान ४७’ आणि त्या पानाच्या तळाशी होता इंग्रजी सत्तेचाळीस. म्हटलं, कुठेतरी एखादं बटण राहिलं असेल. नव्हतं राहिलं.

काम असं होतं. युनिकोडच्या आधीच्या, आठ-बिटी फॉन्टात जुळवलेलं तीनशेच्या आसपास पानांचं पुस्तक युनिकोडमध्ये आणायचं आणि नव्याने मांडायचं. खर्च करायचा नव्हता, म्हणून स्क्रायबस, हे पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: इंटरनेटवर अजून भेटणारं ‘स्क्रायबसमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात’ हे वाक्य जुन्या १.४ मालिकेबद्दल खरं आहे. २०१७ च्या १.५.३ पासून मजकूर मांडणारं इंजिन बदललं, हार्फबझ आलं, आणि जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जागच्या जागी बसू लागले. मी वापरतो ती १.६ मालिका, जी २०२४ च्या जानेवारीत आली. तिच्यात साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडायची आशा ठेवू नका.

पृष्ठांकनाची मूळ सोय सरळ आहे. मास्टर पानावर, म्हणजे ज्यावरचं सगळं खऱ्या पानांवर आपोआप उमटतं अशा नमुना पानावर, छोटी मजकूर-चौकट काढायची, आत कर्सर ठेवून इन्सर्ट, कॅरेक्टर, पेज नंबर. तिथे # असं चिन्ह दिसतं आणि खऱ्या पानांवर आकडा उमटतो. मी पहिल्या दिवशी ते # पाहिलं आणि दुसऱ्या मास्टरवर शहाणपणाने कीबोर्डवरूनच टाइप केलं. परिणामी सगळ्या उजव्या पानांवर आकडे आणि सगळ्या डाव्या पानांवर #. पुढे शंभराव्या पानापासून आकडे गायब झाले. त्याचंही कारण हास्यास्पद निघालं: चौकट इतकी अरुंद काढली होती की दोन आकडे मावत, तिसरा मावत नसे. चौकट रुंद करा आणि मजकूर मधोमध ठेवा, बस.

विभागांची, म्हणजे सेक्शन्सची खिडकी डॉक्युमेंट सेटअपमध्ये आहे. तिथल्या ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या रकान्यांत फाइलमधलं कितवं पान ते लिहायचं असतं, छापून येणारा आकडा नव्हे. छापला जाणारा आकडा कुठून सुरू व्हायचा ते ‘स्टार्ट’ ठरवतं. हे ध्यानात येईपर्यंत माझं पहिलं प्रकरण कधी नवव्या, तर कधी सतराव्या आकड्यापासून सुरू होत होतं. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी क्रमांक द्यायची रीत आहे. तशी शैली मला कुठे सापडली नाही. आठच पानं होती, हाताने लिहिली.

आता तो इंग्रजी सत्तेचाळीस. जुन्या फाइलमध्ये पानाचे आकडे देवनागरीत होते, कुणीही काहीही न करता. म्हणून मी समजत होतो की जुनं सॉफ्टवेअर देवनागरी आकडे देतं आणि नवं देत नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकच गोष्ट करतात, साधा इंग्रजी आकडा पुरवतात. जुन्या फॉन्टात इंग्रजी एकच्या जागेवर ‘१’ चं चित्र बसवलेलं होतं, एवढंच. युनिकोड फॉन्ट प्रामाणिक असतो. इंग्रजी आकडा आला की इंग्रजी दाखवतो, कारण देवनागरी आकड्यांच्या जागा तिथे वेगळ्या आहेत. अनुक्रमणिकेतले आकडे मजकुराचा भाग असल्यामुळे रूपांतरकाने, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, ते नीट देवनागरीत आणले. पानाच्या तळाचा आकडा मात्र मजकूर नव्हताच, ती नुसती खूण. मी पृष्ठांकन आणि रूपांतर अशा दोन वेगळ्या तक्रारींच्या याद्या करत बसलो होतो. दुखणं एकच होतं.

ते कळल्यावर रूपांतरातल्या बाकीच्या चुकाही ओळखीच्या वाटू लागल्या. जुना फॉन्ट अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी जुन्यात अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरकाने वेलांटी उचलून पुढे न्यायची, पण पूर्ण जोडाक्षर ओलांडून. माझा एकच उडी मारायचा, म्हणून ‘स्थिती’ची ‘सि्थती’ झाली. रफाराचं उलट. तो जुन्यात शेवटी येतो, त्याला मागे आणावं लागतं. नाही आणला की ‘मूर्ती’ची ‘मूतीर्’ होते. या दोन्ही चुका नियमाने सापडतात. शोधा-बदला लावून एका संध्याकाळी निस्तरल्या.

ज्याने महिना खाल्ला तो ऱ्य. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’. सरसकट र्य चा ऱ्य करावा, तर सूर्य, कार्य, धैर्य सगळे बिघडतात. आणि ‘आचाऱ्याला’ की ‘आचार्याला’ हे तर वाक्य वाचल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही. शेवटी र्य असलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली, एकेक पाहिला. र्ह त्या मानाने सोपा. ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ बदला, ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ सोडा.

इंग्रजी शब्दांनी वेगळाच गोंधळ घातला. साधा मजकूर म्हणून बाहेर काढताना फॉन्टची माहिती पुसली जाते. मग मराठी कुठे संपतं आणि इंग्रजी कुठे सुरू होतं हे रूपांतरकाला कळत नाही, आणि पुस्तकातली सगळी इंग्रजी नावं देवनागरी खिचडी होऊन येतात. उपाय म्हणजे जुन्या फाइलमध्येच फॉन्टवरून इंग्रजी तुकडे शोधून दोन्ही बाजूंना खूण लावणे. मी खूण म्हणून महिरपी कंस निवडला, आणि माझ्या फॉन्टात त्या जागी एक अर्धं अक्षर बसलेलं निघालं. खूण निवडायच्या आधी फॉन्टाचा तक्ता पाहा.

स्क्रायबसची छापपूर्व तपासणी, म्हणजे प्रीफ्लाइट, चौकटीबाहेर सांडलेला मजकूर आणि फॉन्टात नसलेली अक्षरं दाखवते. शंभराव्या पानाचं कोडं तिनेच सोडवलं. ‘दुसर्या’ मात्र तिला दिसत नाही, कारण तिच्या लेखी तिथली सगळी अक्षरं वैध आहेत.

तक्रार एक आहे. सगळं पुस्तक एकाच साखळीत जोडलेल्या चौकटींत (एकीत न मावलेला मजकूर पुढच्या चौकटीत जातो) ओतलं, तर प्रत्येक दुरुस्तीला थांबावं लागतं. प्रकरणागणिक वेगळी साखळी केल्यावर सुसह्य झालं. अनुक्रमणिकेतले जुने आकडे मी सरळ शेवटी हाताने बदलले. रूपांतरानंतर ओळींची लांबी बदलते, पानं सरकतात, त्यामुळे आधी बदलून उपयोगही नव्हता.

पानाच्या आकड्यासाठी आधी जुगाड केला. तळाच्या चौकटीला तोच जुना फॉन्ट दिला. आकडे देवनागरी झाले, पण बाकी मजकुराशी वळण जुळेना. गंमत म्हणून प्रस्तावनेला रोमन आकडे लावून पाहिले, तर तिथे अगम्य अर्धी अक्षरं उमटली. शेवटी ओपन फॉन्ट लायसन्सचा एक युनिकोड फॉन्ट घेतला, फॉन्टफोर्ज या फॉन्ट घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या इंग्रजी आकड्यांच्या दहा जागांवर त्याचेच देवनागरी आकडे चिकटवले आणि वेगळ्या नावाने साठवला. त्या परवान्यात बदल करायची मुभा असते, फक्त राखीव ठेवलेलं मूळ नाव वापरता येत नाही. माझ्या फॉन्टाचं नाव ‘पानांक’. तो पानाच्या तळाची चौकट सोडून कुठेही लावत नाही. पीडीएफमधून तो आकडा उचलून दुसरीकडे चिकटवला तर अजूनही इंग्रजीच येतो, पण छापलेल्या पानावर आता ४७ दिसतं.