गच्चीवरचं सोलर: एक वर्ष वापरल्यावर

आधी कुरडयांचं सांगते, कारण विक्रेता ते सांगत नाही. तीन किलोवॅटचं सोलर बसलं की गच्चीवरची दक्षिणेकडची, दिवसभर ऊन खाणारी जागा हातची जाते. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या गच्चीवर बावीस वर्षं एप्रिलमध्ये कुरडया, शेवया, मुगवड्या याच जागेवर वाळल्या. आता तिथे सहा पॅनल आहेत. खालून जाता यावं म्हणून आम्ही लोखंडी सांगाडा उंच करून घेतला, त्याचे वेगळे पैसे मोजले. पण खाली सावली पडते, हे साधं गणित मला, तीस वर्षं पोरांना गणित शिकवणारीला, कुरडयांचा पहिला घाणा आंबल्यावर कळलं. त्यामुळे पाचपैकी अर्धा तारा तिथेच कापते.

बाकी माल चांगला आहे. प्रत्येकी ५५० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे खरं तर ३.३ किलोवॅट. अनुदान हवं तर पॅनल देशी बनावटीचेच लागतात, ते तसेच आहेत. एकूण खर्च १ लाख ९५ हजार. ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात, ते मीटर लागल्यावर महिनाभरात थेट खात्यात आले. कुणाला चहापाणी द्यावं लागलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या ह्यांनी त्यासाठी पाच हजार वेगळे काढून ठेवले होते आणि पुढे त्याचा कूलरचा नवा पंप आणि वाळ्याच्या ताट्या आल्या.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. फिटिंगवाली मुलं गुणी होती. अर्थिंगचे तीन खड्डे नीट खणले, पॅनलचा उतार बरोबर दक्षिणेला दिला, वायर पाइपातून घेतली. मालक मात्र गोडबोल्या. दसऱ्याला पॅनल चढले आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागायला डिसेंबर उजाडला. ‘मॅडम, अर्ज टाकला आहे, वरून मंजुरी यायची आहे’ असं तीन आठवडे ऐकल्यावर मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. अर्ज टाकलाच नव्हता. कागद टेबलावर, त्यावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. दोन महिने सहा पॅनल डोक्यावर ऊन खात बसले आणि आम्ही जुनंच बिल भरत राहिलो. तुम्ही घेणार असाल तर ग्राहक क्रमांक टाकून अर्जाची स्थिती पोर्टलवर स्वतः बघा. मला ते उशिरा सुचलं.

मीटर लागलं ६ डिसेंबर २०२४ ला. आदल्याच दिवशी मुंबईत आझाद मैदानावर नव्या सरकारचा शपथविधी झाला होता. मुख्यमंत्री आमच्याच गावचे, आणि ऊर्जा खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. त्यामुळे आमच्या घरात सोलर आणि सरकार यांचं वय एकच धरतात. दोघांचा हिशोब मी एकाच रजिस्टरात मांडते. शाळेतून आणलेला कोरा हजेरीपट आहे, त्यात रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा, आकडा टिपते.

वर्षाचे आकडे असे. एकूण ४,१०० युनिटच्या आसपास. सगळ्यात जास्त मार्चमध्ये, ४२०. मे महिन्यात ४००. नागपूरचं ऊन आहे, मे महिन्यात सोलर तुटून पडेल असं वाटलं होतं. तसं होत नाही. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पंचेचाळीस अंशांत तेही आपल्यासारखे मलूल होतात. जुलैत ढगांनी २३५ वर आणलं.

आमचा वापर वर्षाला ३,७०० युनिटचा. एका खोलीत एसी, बाकी घरभर कूलर. म्हणजे बनवतो ४,१०० आणि वापरतो ३,७००, तर बिल शून्य यायला हवं, बरोबर? नाही. डिसेंबर ते मार्च आपण कमी जाळतो, युनिट साठत जातात. ३१ मार्चला वर्षाचा हिशोब मिटतो, शिल्लक युनिटचे जुजबी दराने पैसे मिळतात आणि खातं कोरं होतं. आणि १ एप्रिलपासून आमच्याकडे कूलर सुरू. म्हणजे थंडीत साठवलेलं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर काढून घेतलं जातं. माझे साडेसहाशे युनिट असे गेले. हा नियम ज्याने लिहिला त्याने नागपुरात एक एप्रिल काढलेला नाही. मार्चऐवजी सप्टेंबरला हिशोब मिटवला तर काय बिघडेल?

तरीही मे महिन्याचं बिल १,३७० रुपये आलं. आदल्या मे महिन्यात साडेसात हजारांवर होतं. पावसाळ्यानंतर दीडशेच्या आसपास येतं, तो स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क. शून्य बिल अशी जाहिरात दिसली तर हे दीडशे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. लाईट गेली की सोलरही बंद. डोक्यावर रखरखीत ऊन, पॅनल चमकतायत, आणि घरात पंखा थांबलेला. शेजारच्या काकूंनी तर हसून घेतलं. कारण रास्त आहे. बाहेरची लाईन बंद असताना आमच्या गच्चीवरची वीज तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःच झोपतो. बॅटरीचं सोलर वेगळं मिळतं, ते महाग.

आता भांडणाचं. हे परीक्षणात कशाला, असं ह्यांनी विचारलं. पण वर्षभरात सोलरने आमच्या घरात युनिटखालोखाल काही बनवलं असेल तर वाद. आणि ७८ हजार घ्यायचे की नाही हे ठरवणाऱ्याला तो वाद ऐकावाच लागणार.

२०२५ च्या तान्ह्या पोळ्याला माझा दादा काटोलकडून नातवाला घेऊन आला होता. त्याची संत्र्याची बाग आहे. सकाळी सगळे महाल भागात मारबत बघायला गेलो. काळी आणि पिवळी मारबत म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मागून बडगे, तेही पुतळेच, त्यांच्या गळ्यात महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांच्या पाट्या, आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर. परत येताना भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, सोबत घेतलं. ते महालातच फ्लॅटमध्ये राहतात, बँकेतून निवृत्त. जेवणं झाल्यावर सगळे गच्चीवर पॅनलच्या सावलीत सतरंजी टाकून बसलो. सावलीचा तेवढा एक फायदा.

भाऊजींनी तिथेच सुरू केलं. ‘लाडकी बहीण घेऊन जा गे मारबत!’

मग आकडे. ते आकड्यांनीच बोलतात. मार्चच्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी. राज्याचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाणार. आणि अशात शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी २०,७८७ कोटी मंजूर. ‘पैसे झाडाला लागतात का वहिनी?’

दादा म्हणाला, ‘रस्त्याचं मले मान्य आहे. समृद्धी झाली, अजून किती रस्ते पाह्यजेत?’

‘तुझं काय, तुझी मोटार फुकटात चालते,’ भाऊजी त्याच्यावर वळले.

ते खरं आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत. दादाची मोटर पाच अश्वशक्तीची. त्याला ‘फुकट’ शब्द लागला. ‘पाय बाई,’ मला म्हणाला, ‘दिवसा लाईन भेटत नव्हती तवा रातच्याले दोन वाजता इच्चू-काट्यात मोटार सुरू करायले कोण जात होतं, हे का तिथं आले होते? बिल माफ कायले, दिवसा लाईन द्या म्हणाव, मी बिल भरतो.’

दिवसा लाईन देण्यासाठीच तर गावोगाव सौर प्रकल्प उभे करून १६ हजार मेगावॅटची सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, गावाजवळ आली की सांगतो.

एवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई चहा घेऊन वर आल्या. गेली नऊ वर्षं येतात. त्यांनी सगळं जिन्यातून ऐकलं होतं. कप ठेवता ठेवता विचारलं, ‘काकू, तुमाले हे लावाचे सरकारनं किती देल्ले?’

अठ्ठ्याहत्तर हजार, मी म्हटलं.

‘अन् मले दीड हजार महिना. तं तुमचे म्हणजे माह्ये किती महिने झाले?’

बावन्न. चार वर्षं चार महिने. तोंडी गणित आहे, मला लगेच आलं, आणि येऊ नये असं वाटलं.

भाऊजींनी सावरायचा प्रयत्न केला. ते दिल्लीचे पैसे, हे राज्याचे, दोन्हींची तुलना करायची नसते. ताई म्हणाल्या, ‘दिल्लीवाल्याईले कोण देते मंग?’ आणि मग, ‘एकवीसशे करू म्हणे, त्याचं काय झालं, तुमच्या पेपरात आलं का?’

मग मला राहवलं नाही. खाली जाऊन हजेरीपट आणला. मोफत शेतीपंपांच्या विजेचा खर्च वर्षाला १४,७६० कोटी, पंप साधारण ४४ लाख. भागाकार केला तर एका पंपामागे सरासरी साडेतेहतीस हजार. ताईंचे वर्षाचे अठरा हजार. माझे एकरकमी अठ्ठ्याहत्तर. ओळीने लिहिले. भाऊजी समाधानाने बघत होते, त्यांच्या नावापुढे रकाना कोरा. मग ह्यांनी हळूच विचारलं, ‘परवा अमरावतीहून एसटीने आलास, तिकीट किती पडलं?’

भाऊजी सदुसष्टचे आहेत. पासष्टनंतर अर्धं तिकीट.

‘ते वेगळं,’ भाऊजी म्हणाले. ‘मी आयुष्यभर टॅक्स भरला.’ दादा एवढा हसला की चहा सतरंजीवर.

यावर ते गप्प बसले असतील असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या भाऊजींना ओळखत नाही. त्यांनी स्मार्ट मीटर काढलं. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं जाहीर झालं होतं, निवडणुकीनंतर ‘टीओडी’ म्हणून, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारं मीटर म्हणून, आलंच की. बिल पोस्टपेडच आहे, आणि सकाळी नऊ ते पाच वापरलेल्या विजेला युनिटमागे ८० पैसे ते रुपयाची सवलत, असं मी सांगितलं. ‘दिवसा घरी कोण असतं? मी आणि पाल.’ मग दरांचं. वीज नियामक आयोगाने २८ मार्चला दर कमी केले, एप्रिल लागतो न लागतो तोच महावितरणच्या विनंतीवरून स्थगिती, जूनच्या शेवटी पुन्हा नवा आदेश. ‘चार महिन्यांत तीनदा! आमच्या बँकेत असा व्याजदर बदलला असता तर लोकांनी काउंटर फोडलं असतं.’ इथे मात्र त्यांच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. आमच्यासारख्या छतवाल्यांची तर त्या काळात झोपच उडाली होती, कारण महावितरणच्या मूळ प्रस्तावात दिवसा बनवलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करायलाच अडसर होता. ज्याने कर्ज काढून पॅनल लावले त्याने पंचवीस वर्षांचा हिशोब धरलेला असतो. नियम दर वर्षी सरकले तर तो हिशोब कुठल्या पाटीवर मांडायचा?

ताईंचं घर बेलतरोडीकडे, भाड्याची खोली. घरमालकाने सबमीटर लावला आहे आणि युनिटला बारा रुपये घेतो. म्हणजे त्यांचे साठ-सत्तर युनिट माझ्या पहिल्या शंभर युनिटांच्या दुप्पट भावाने पडतात. दिवाळीच्या सुमारास बातमी आली की शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना छतावरच्या सोलरसाठी राज्य सरकार वेगळं अनुदान देणार. मी पेपर बाजूला काढून ठेवला आणि सकाळी त्यांना वाचून दाखवला.

‘त्याले छत लागते का?’ त्यांनी विचारलं.

लागतं, आणि मीटर आपल्या नावाचं लागतं.

‘मंग ठेवून द्या पेपर,’ म्हणाल्या, आणि भांडी घ्यायला गेल्या.

तर घ्यावं की नाही? स्वतःची गच्ची असेल आणि महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट जात असतील तर डोळे मिटून घ्या. माझे पदरचे १ लाख १७ हजार तीन वर्षांच्या आत सुटतील. वापर शंभरच्या आत असेल तर आधी नीट हिशोब करा. शेजारच्या इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर घेऊ नका. एका पॅनलवर सावली पडली तरी ओळीतले बाकीचेही ढेपाळतात. आमची टाकी त्यासाठी दहा फूट सरकवावी लागली, त्याचे प्लंबरने चार हजार घेतले.

पॅनल आठवड्यातून एकदा धुवावे लागतात. उन्हं चढायच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. उन्हाळ्यात एकदा पंधरा दिवस धुतले नाहीत तर रोजचं उत्पादन दीड युनिटने उतरलेलं हजेरीपटात स्पष्ट दिसतं. कबुतरांसाठी जाळी आधीच लावून घ्या, मागाहून दुप्पट पैसे मागतात. आणि संक्रांतीनंतर दुसऱ्या दिवशी वर जाऊन पॅनलच्या फटीतला मांजा हाताने सोडवा. आमच्याकडे पहिल्याच संक्रांतीला सव्वीस पतंग निघाले. नातू खूश, मी तासभर चवड्यांवर बसलेली. मांजा ओढू नका, वायरीचं आवरण कापतं.

विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल मोफत लिहून दिली आहे. वर्षभरात तो एकदा आला, तेही मी दुकानात जाऊन बसल्यावर. मालाला पाचपैकी साडेचार. विक्रेत्याला दोन, फिटिंगवाल्या मुलांखातर.